खातं वाढव

हिंगणसर गावात ओसरीमहाराज नांदत होते, त्या काळची ही गोष्ट. नांदत होते म्हणायचं इतकंच. महाराजांना ना मठ होता ना झोपडी. ते कुणाच्याही घराचा उंबरा ओलांडत नसत. आज सुताराच्या ओसरीवर, उद्या गुरवाच्या, परवा मनात आलं तर लांबच्या एखाद्या वस्तीवर. बसायचं, पुढ्यात येईल ती भाकरी खायची, आणि निघताना ओसरी स्वतःच्या हाताने झाडून निघायचं. "आतलं तुमचं, बाहेरचं माझं," असं महाराज म्हणत. गावाने त्यांचं नावच ओसरीमहाराज करून टाकलं.

याच गावच्या पेठेत लिंबाजी कासाराचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्याने पायरीवर थांबावं एवढी जागा. पण हिंगणसरच्या लेकीसुनांचे हात तिथेच भरायचे. लिंबाजी मनाने निर्मळ आणि हिशेबात साफ आंधळा. त्याच्या वडिलांनी गुलाबशेटच्या पेढीवर थोडी ठेव ठेवली होती. पावसाळ्यात छप्पर गळलं, आण पेढीवरून. बहिणीचं बाळंतपण आलं, आण पेढीवरून. बायको विचारायची तेव्हा स्वारी म्हणायची, "अगं, आपलीच तर ठेव आहे." भाविकहो, ठेव कधीच संपली होती आणि उचल सुरू झाली होती. गुलाबशेटला ते पक्कं ठाऊक होतं, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. उचलीवर व्याज चढतं, मग कोण कशाला सांगेल?

सांगितलं ते एकदम शेवटी. आषाढात पेढीचे दिवाणजी दुकानाच्या पायरीवर आले आणि म्हणाले, दसऱ्यापर्यंत उचल फेडा, नाहीतर दुकानाची किल्ली पेढीवर द्या. लिंबाजी मटकन खालीच बसला. त्याची बायको साळूबाई मात्र उठली. पदर खोचला आणि महाराज कुठल्या ओसरीवर आहेत ते विचारत निघाली.

आता योगायोग बघा. महाराज त्या दिवशी नेमके गुलाबशेटच्याच पेढीच्या ओसरीवर बसले होते! आत गादीवर शेट, बाहेर घोंगडीवर महाराज. साळूबाईने पायावर डोकं ठेवलं आणि लाजत लाजत सगळं सांगितलं. दुकान गेलं तर सासऱ्यांचं नाव जाईल, खायचं काय हा प्रश्न तर आहेच, असंही ती म्हणाली.

महाराज म्हणाले, "साळू, रोजची भवानी देवीची. दिवसाची पहिली विक्री गाडग्यात टाकायची, तिला संसाराचा हात लागू द्यायचा नाही. उरलेल्यात घर चालव. आणि खातं वाढव."

हे शेवटचे दोन शब्द आत गादीवर ऐकू गेले मात्र, गुलाबशेट हसून हसून लोळायचे बाकी राहिले. लगेच बाहेर येऊन म्हणाले, "वा महाराज! असा साधू मला रोज भेटो. साळूबाई, घ्या, महाराजांचा शब्द मोडू नका. किती वाढवायचं खातं? आणखी उचल देतो." ओसरीवरचे चार टवाळही हसले. साळूबाई मात्र कासाराघरची सून. तिला काय कळायचं ते कळलं होतं. तिने हात जोडले आणि घरी गेली.

त्या दिवसापासून गाडगं सुरू झालं. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं की ते पैसे कपाळाला लावून गाडग्यात. उरलेल्यावर पीठ-मीठ. कधी पहिलीच बाई डझनभर भरून जायची आणि मग दिवसभर चिटपाखरू यायचं नाही. त्या दिवशी अंबाड्याची भाजी आणि पाणी. लिंबाजीने तंबाखू सोडली. चार दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही, पण सोडली. एकदा त्याचा हात गाडग्याकडे गेला, तर साळूबाई म्हणाली, "आपलीच तर ठेव आहे, नाही का?" बिचारा ओशाळून हसला. पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. गाडगं जड झालं, तरी उचल फिटेल इतकं नव्हतं. आता भिस्त होती नवरात्रातल्या देवीच्या जत्रेवर. अष्टमीला सगळा मुलूख लोटतो आणि बायका देवीच्या दारात हिरव्या बांगड्या भरतात. लिंबाजी आणि साळूबाईने होता नव्हता तो सगळा माल जत्रेत नेला. दोन बांबू उभे केले, आडव्या काठीवर बांगड्या ओवून टांगल्या. पुढे काय झालं ऐका. देवीला सोडलेला वळू भर बाजारात शिरला. देवीचाच तो, त्याला हाकलणार कोण? त्याला काठीवरची हिरवाई दिसली. चारा वाटला की काय, देव जाणे! शिंग घातलं, आणि काठी, बांबू, माल सगळं जमिनीवर.

लिंबाजी कपाळाला हात लावून बसला आणि पुटपुटला, "वाढल्या गं, सगळ्या वाढल्या." जीव जात असला तरी कासार बांगडी फुटली असं म्हणत नाही. सौभाग्याची वस्तू ती. फुटते बिटते दुसऱ्यांकडे, कासाराकडे ती वाढते.

मागे ठेवलेली एक टोपली तेवढी वाचली होती. तळाशी थोड्या बांगड्या. एवढ्यात गुलाबशेट लेकीला, कमळीला, घेऊन तिथे आले. पोर गरोदर होती, सातवा लागला होता, देवीच्या दारात चुडा भरायचा होता. काचांचा सडा बघून शेट म्हणाले, "परवा दसरा. किल्ली घासून ठेवा." कमळीला वडिलांचं बोलणं लागलं. तिने मान खाली घातली.

साळूबाईच्या डोळ्यांतून आता खरंच पाणी आलं. तोच शेजारच्या देवळाच्या ओसरीवरून आवाज आला. महाराज! ते कधी आले, कुणी पाहिलं नाही. त्यांनी खांद्यावरचं उपरणं टोपलीवर टाकलं आणि म्हणाले, "रडतेस काय? आज दिवसभर भवानीच आहे. येईल ती बाई पहिली. हात घाल आणि भर. उपरणं उचलू नको."

साळूबाईने कमळीचा हात हातात घेतला आणि उपरण्याखाली हात घातला. निघाल्या त्या हिरव्यागार, नेमक्या कमळीच्या मापाच्या. चुडा भरून झाला. कासाराच्या रीतीप्रमाणे तिने एक बांगडी वर घातली, तिचे पैसे घेतले नाहीत. कमळीने वाकून नमस्कार केला. मग दुसरी बाई, मग तिसरी. जाड मनगटाची आली, बारीक मनगटाची आली, परगावची आली, म्हातारी आली. जिचं जे माप, तेच हाताला लागे. रांग दीपमाळेपर्यंत गेली. लिंबाजी पैसे घेता घेता घामाघूम झाला.

गुलाबशेट जागचे हलले नाहीत. आयुष्य मोजण्यात गेलेला माणूस; ते मनात मोजू लागले. टोपली केवढी, निघाल्या किती, मेळ बसेना. शेवटी राहवेना म्हणून उपरण्याचं टोक उचलून बघितलं. तळाशी होत्या त्याच थोड्या बांगड्या. टोक सोडलं, साळूबाईने हात घातला, पुन्हा डझन निघाल्या! शेट लेकीला घेऊन तडक घरी गेले. त्या दिवशीची सगळीच विक्री भवानीची, म्हणून सगळीच गाडग्यात गेली.

दसऱ्याला पेढीवर पूजा झाली. ओसरीवर महाराज बसलेलेच होते. लिंबाजी आणि साळूबाई गाडगं घेऊन आले. शेटनी दिवाणजींवर विश्वास ठेवला नाही, स्वतः मोजायला बसले. मुद्दल फिटलं. व्याज फिटलं. वर एक रुपया उरला. शेटनी तो परत केला, तर साळूबाईने पुन्हा गादीकडे सरकवला. म्हणाली, "राहू द्या. आमच्यात वर एक देतात."

दिवाणजींनी लेखणी उचलून विचारलं, "मग लिंबाजीचं खातं बंद, असं लिहू?"

शेट सवयीने खेकसले, "अहो, सणासुदीला पेढीवर बसून बंद काय म्हणता? अशुभ! खातं वाढवलं म्हणा."

आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

आषाढातलं सगळं त्यांना आठवलं. रोज संध्याकाळी ते स्वतः "पेढी वाढवा रे" म्हणत फळ्या लावून घेत होते, आणि महाराज "खातं वाढव" म्हणाले तेव्हा हसत सुटले होते! बाहेरून महाराजांचं हसू ऐकू आलं. शेट धावत ओसरीवर गेले आणि पायांवर लोटांगण घालून म्हणाले, "महाराज, चुकलो. ठेव संपली तेव्हाच मी सांगायला हवं होतं. व्याजाच्या लोभाने गप्प बसलो."

महाराजांनी त्यांना उठवलं आणि म्हणाले, "माझ्या पाया कशाला पडतोस? हात भरल्यावर नमस्कार कासारणीला करतात. तिने तुझ्या लेकीचा हात भरला, आज तुझाही भरला."

गुलाबशेट वळले आणि मागोमाग बाहेर आलेल्या साळूबाईपुढे भर पेठेत वाकले. साळूबाई इतकी गोंधळली की तोंडातून जन्माच्या सवयीचा आशीर्वाद निघून गेला, "अखंड सौभाग्यवती हो!"

मग जो हशा पिकला! महाराज हसले, दिवाणजी हसले, लिंबाजीला तर ठसका लागला, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले गुलाबशेट. दारात उभ्या असलेल्या शेटाणीने मात्र डोळे पुसत हात जोडले. म्हणाली, "हसू नका. आशीर्वाद वाया गेला नाही, तो मला लागला."

महाराज उठले. त्यांनी केरसुणी मागून घेतली, पेढीची ओसरी स्वच्छ झाडली आणि पुढच्या घराकडे निघून गेले. भाविकहो, ज्यांच्या ज्यांच्या घरी असं एखादं खातं असेल, त्या सर्वांचं ते ओसरीमहाराजांच्या कृपेने असंच वाढो.