थोरल्या महाराजांचा पासवर्ड

थोरल्या महाराजांचा पासवर्ड सकाळी ठरायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत अख्ख्या चंदनगडाला पाठ व्हायचा!

त्याचं असं झालं. रणधीरराव महाराजांनी म्हातारपणी गादी मुलाला दिली आणि ते निवृत्त झाले. गादी दिली, पण हुकूम सोडायची सवय काही दिली नाही. दिवसभर त्यांच्या सूचना ऐकून धाकटे महाराज कंटाळले. त्यांनी वडिलांना एक झकास मोबाईल आणून दिला आणि बजावलं, "आबासाहेब, पासवर्ड विसरायचा नाही, कुठे लिहायचा नाही आणि कुणाला सांगायचा नाही. एवढं सांभाळलंत की बसल्या जागी जग तुमचं!"

आता चंदनगडाची रीत अशी, की महाराजांच्या तोंडून निघालेला शब्द दारातल्या चोपदाराने लगेच पुकारायचा. महाराज मोबाईल हातात घेऊन नुसतं पुटपुटले, "गुलाबजाम..." की चोपदार छाती फुगवून गरजायचा, "गुलाबजाऽऽम!" म्हणून कागदावर लिहून ठेवला, तर राजाचं हस्ताक्षर म्हणून कारकुनाने तो कागद चावडीवर डकवला!

मग काय विचारता! लोकांनी महाराजांच्या नावावर जिलब्या मागवल्या, बग्ग्या मागवल्या. कुणीतरी तर पिढीजात वैरी असलेल्या शेजारच्या राजाला रोज गुलाबाच्या फुलांसकट 'शुभ सकाळ' पाठवायला लागला. तिकडून 'शुभ रात्री' येऊ लागलं, तेव्हा सेनापती रडकुंडीला आला.

प्रधान म्हणाले, "सरकार, अवघड पासवर्ड ठेवा. थोडी अक्षरं, थोडे आकडे, मधेच एक चांदणी!"

तो पासवर्ड महाराज संध्याकाळच्या आत विसरले. राजवैद्यांनी डोक्याला ब्राह्मीचं तेल चोळलं. महाराजांना पावकीचे पाढे आठवले, लहानपणच्या मारकुट्या पंतोजींचं नाव आठवलं. पासवर्ड तेवढा आठवेना! शेवटी धाकट्या महाराजांनी चेहरा पाहून उघडण्याची सोय करून दिली. पण कवळी घातलेले महाराज आणि कवळी काढलेले महाराज ही दोन वेगळी माणसं आहेत, असं मोबाईलचं ठाम मत पडलं.

"आमचा मोबाईल आम्हालाच ओळखत नाही?" महाराज कडाडले. "जे आम्हाला जमत नाही, ते बाकीच्या म्हाताऱ्यांना काय जमणार! राज्यातल्या सगळ्या निवृत्त माणसांचे मोबाईल पौर्णिमेला जप्त करा! नाहीतर कुणीतरी आम्हाला असा पासवर्ड द्या, जो आम्ही विसरणार नाही, लिहिणार नाही आणि ज्याचा या चोपदारालाही पत्ता लागणार नाही!"

चोपदाराने हेही इमानेइतबारे पुकारलं.

गावातल्या म्हाताऱ्यांची तोंडं उतरली. सगळ्यात जास्त हबकली सुंदराक्का. ही महाराजांचे विडे लावायची, हल्लीच कामातून निवृत्त झाली होती. घरात एकटी. तिची नात शिकायला दूरदेशी गेलेली. रोज दिवेलागणीला मोबाईलवर नातीचं तोंड दिसायचं, तेव्हा कुठे म्हातारीच्या घशाखाली घास उतरायचा. रडत बसण्यातली ती नव्हती. तिने पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

"पासवर्ड आणलास?" महाराजांनी विचारलं.

"मी कशाला आणू? सरकारांजवळच हाय की! जुनाच हाय, फकस्त काढायचा." सुंदराक्का महाराजांच्या शेजारी बसलेल्या राणीसाहेबांकडे बघून म्हणाली, "एक इचारू का? राणीसाहेबांना कळली तर लई पंचाईत हुईल, अशी एखादी गोष्ट सरकारांच्या आयुष्यात हाय का?"

महाराजांचे कान लाल झाले. मिशी थरथरली. "नाही! मुळीच नाही! कोण म्हणतं आहे?"

"ऱ्हायलं! नसंल तर नसंल. पन असती, तर सरकार ती इसरले असते का?"

"छे!"

"कुठं लिवली असती?"

"वेड लागलंय का?"

"चोपदाराम्होरं पुटपुटला असता?"

"मेलो तरी नाही!"

"मग त्योच पासवर्ड ठिवा की!"

महाराजांनी शालीखाली हात घालून मोबाईलवर काहीतरी टिपलं. ओठ घट्ट मिटलेले! चोपदार कान टवकारून उभा राहिला, पण पुकारायला काही मिळालंच नाही.

पौर्णिमा आली. महाराजांनी सर्वांसमक्ष, न अडखळता, एका झटक्यात मोबाईल उघडला! गावाने आठवडाभर डोकी खाजवली होती, पण कुणालाच पत्ता लागला नव्हता. जिलब्या बंद. वैऱ्याचं 'शुभ रात्री'ही बंद. म्हाताऱ्यांनी असा काही जल्लोष केला, की हत्ती बुजला.

"कुणाचाही मोबाईल जप्त होणार नाही!" महाराज खूश होऊन म्हणाले.

एवढ्यात राणीसाहेब गोड आवाजात दासीला म्हणाल्या, "अगं, माझाही मोबाईल आण पाहू. मलासुद्धा पासवर्ड बदलायचाय."

महाराजांचा चेहरा बघण्यासारखा झाला. प्रधान खाली बघत स्वतःचा मोबाईल चाचपू लागले. विषय बदलावा म्हणून महाराजांनी घाईघाईने विचारलं, "सुंदराक्का, तुझा पासवर्ड तरी काय गं?"

"माजा व्हय? तुमच्या इड्यात कस्तुरी म्हणून मी इतकी वरसं काय घालत हुते, त्यो!"

महाराजांचा हात गालाकडे गेला. "काय? काय घालत होतीस?"

"सांगिटलं तर बदलावा लागंल, सरकार!"

महाराज असे हसले, असे हसले, की कवळी निसटून थेट चोपदाराच्या पायाशी पडली! तशाच बोळक्या तोंडाने त्यांनी सुंदराक्काला भिंतीएवढ्या पडद्याचा नवा मोबाईल आणि नातीला सुट्टीत घरी आणायला राजवाड्याची बग्गी बक्षीस दिली.