पाणचष्म्याची शपथ

फार पूर्वीची नाही, माणूस पाठीवर हवा बांधून समुद्रात उतरू लागला त्यानंतरची ही गोष्ट.

कोमट पाण्याच्या एका समुद्रात एक पाणबुड्या रोज प्रवाळ बघायला उतरायचा. त्याचा चष्मा आणि पायात घालायचे रबरी पंख होडीतल्या एकाच टोपलीत राहत. संध्याकाळी चष्मा रंगून सांगायचा, "काय ती जांभळी जाळी! काय ते शिंगांसारखे फाटे! आणि शपथेवर सांगतो, आपण कशालाही धक्का लावला नाही." पंख गप्प राहत.

एके दिवशी पाण्यात एक इवलासा निळा मासा चष्म्याच्या काचेवर धडका देऊ लागला. "माझं घर मोडलंत! त्या फाट्यांच्या बुडाशी माझी अंडी होती."

चष्मा दुखावला. "मी मोडेन? अरे, काल तुझं घर बघायला मी कितीतरी वेळ थांबलो होतो."

"तू थांबला होतास," मागून पंख म्हणाले. "तू एका जागी राहावंस म्हणून आम्ही हलत होतो. काहीतरी कडकन मोडलेलं आम्हाला जाणवलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या आनंदात सांगत होतास."

"तुमचं नंतर बघा," मासा म्हणाला. "आधी मागे वळ."

चष्मा पहिल्यांदाच मागे वळला. ज्या वाटेने तो कौतुक करत आला होता, त्या वाटेवर ठिकठिकाणी प्रवाळाचे ताजे तुकडे पडले होते.

त्या संध्याकाळी टोपलीत पंखांनीच विचारलं, "आज काही सांगणार नाहीस?"

"आज तुम्ही सांगा," चष्मा म्हणाला.