माशीने अंगावर घेतलेला आळ

एका राज्यात दूध उतू गेले तरी दवंडी पिटत, आणि दवंडीत एका माणसाचे नाव असे. कारण मांत्रिक कपिलाक्षाचे औषध एकदा राजवाड्यात सांडले आणि कोणी कबूल झाले नाही. त्याने शाप दिला, "इथे काही सांडले, फुटले, की सूर्यास्तापूर्वी राजाने दोषी सांगावा. तो दगड होईल. नाव न सांगितले तर राजाच दगड होईल. दुसऱ्याचा दोष जो हसत अंगावर घेईल, तोच हा शाप मोडील."

असा शहाणा कुठला मिळायला? निम्मे राज्य दगड झाले. मुदपाकखान्यात आचारी हातात झारा धरून वर्षानुवर्षे उभा होता.

एके सकाळी राजा अरिंजयाला ओवाळताना राजकन्या हेमांगीच्या हातून पेढ्यांचे तबक निसटले. राजा म्हणाला, "बाळ, तुझे नाव या तोंडातून निघायचे नाही." दगड व्हायला तो तयार होता, पण हसू कुठून आणणार? बापच तो.

पिंजऱ्यातली मैना म्हणाली, "राजकन्ये, आळ अंगावर घेणारा शोध."

हेमांगी डोंगराकडे गेली. डोंगर म्हणाला, "आमच्या कुळाला डाग नको." नदीकडे गेली. नदी म्हणाली, "मला घाई आहे." दिवस कलला. रडत परतली, तो सांडलेल्या पेढ्यावर एक माशी बसलेली. हेमांगीने तिला हाकलले नाही.

माशी म्हणाली, "माझे नाव सांगा."

"तू दगड होशील."

"जन्मात प्रथमच कोणी मला पेढ्यावर बसू दिले."

"पण तू केलेस काय?"

"शिंकले म्हणा. तुम्ही दचकलात, तबक पडले." आणि माशी खुदकन हसली.

राजा जड जिभेने म्हणाला, "माशी शिंकली." माशी मोहरीएवढा दगड झाली. हेमांगीने तिला तळहातावर घेतले आणि ती हमसून रडली. बापाखेरीज आपल्यासाठी इतके कोणी केले नव्हते.

तेवढ्यात दगडाची धूळ नाकात गेली आणि माशी खरोखरच शिंकली. दगड फुटला. त्यासरशी राज्यातले सारे दगड फुटून माणसे मोकळी झाली. आचाऱ्याने झारा हलवून विचारले, "दुधाकडे कोणी बघतंय का?"

दूध केव्हाच उतू गेले होते. या वेळी दवंडी पिटली नाही. राजा एवढेच म्हणाला, "कुठे माशी शिंकली कोण जाणे."

तेव्हापासून बेत फिसकटला की तुम्हीआम्ही हेच म्हणतो, आणि कोणाचे तरी पोर बोलणी खाण्यापासून वाचते. म्हणून पेढ्यावर माशी बसली, तर घटकाभर बसू द्यावी.