करंजाखालचा ट्रॅक्टर

लावता का पैज? शेवट वळखून दावायचा. ट्रॅक्टर चालू झाला म्हनशीला, हरशीला. भंगारात गेला म्हनशीला, तरी हरशीला. आता बसा डोकं खाजवत... मी सांगतो.

"चाचा, एका शब्दात सांगा की! दुरुस्त करन्यालायक हाय का न्हाई?"

जालिंदर मिस्त्रीनं तिसऱ्यांदा इचारलं.

दस्तगीरचाचा करंजाखाली उकिडवा बसून बिडी शिलगावत व्हता. त्यानंच जालिंदरला पाना धरायला शिकवला. आता हात कापाया लागलं, म्हून म्हाताऱ्यानं काम सोडलं व्हतं. पांढरी दाढी, पर वरचा वठ गुळगुळीत. कोन म्हनायचं धर्माची रीत, कोन म्हनायचं म्हाताऱ्याची खोड. चाचा हसायचा निस्ता.

जालिंदरची मिशी मातर बघावी! सकाळी तेल, सांच्याला पीळ. दोन्ही टोकं आभाळाकडं.

ट्रॅक्टर त्याच्या चुलत्याचा, रंगातात्याचा. लाल, पस्तीस हॉर्सपॉवरचा. तात्या गेला तवापासनं सा वर्सं बांधाला हुबा. वायरी उंदरांनी खाल्ल्याल्या, बॉनेटवर करंजाच्या फुलांचा थर, लाह्या सांडल्यावानी. इंजिन जाम.

शेवंताकाकी, तात्याची बायको, म्हनली व्हती, "लोक हसत्यात रं. लोखंड कुजवतीय म्हनत्यात. जत्रंला भंगारवाला यायचाय. त्याच्या आदी चालू केलास तर तुझा. न्हे, भाड्यानं लाव. न्हाईच जमलं तर दिऊन टाकू."

झालं! जालिंदर हाटेलात गेला आन् चारचौघात मिशीला पीळ दिऊन म्हनला, "जत्रंला पालखीम्होरं ह्योच ट्रॅक्टर चालंल. न्हाईतर मिशी उतरवीन!"

आता बगा, मानूस असं कशाला बोलतंय?

"गावात असलं ट्रॅक्टर किती हायत?" करंजाखाली चाचानं इचारलं.

"सतरा."

"मग अठरावा कशाला?"

"म्हून तर तुमाला इचारतोय! लाखात एक असता तर गोष्ट येगळी. पर सामान कुठंबी मिळतंय. ब्लॉक फुटल्याला न्हाई, गिअरबॉक्स चांगला. टायर गेल्यात, वायरिंग गेलंय..."

"सगळं तर तुला ठावं हाय."

"मग लायक हाय म्हना की!"

चाचानं झुरका मारला. धूर वर गेला, फांदीत शिरला...

"इंजिन जाम हाय न्हवं?"

"टोचन लावतो. गिअरात टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरनं वढला की सुटंल."

"सुटंल. संगट कनेक्टिंग रॉड वाकंल. जाम इंजिन आन् रुसल्यालं मानूस वढून येत न्हाई, लेका."

चाचानं त्याला चारी नोझल काढाय लावलं. भोकातनं वाटी वाटी डिझेल सोडाय लावलं.

"आता सात दिस मुरू दे. पाना लावायचा न्हाई."

"आन् मी काय करू सात दिस?"

"रोज दुपारी सीटवर बस."

"बसून काय हुतंय?"

"मला काय ठावं? मी कुठं बसलोय."

आन् म्हातारा धोतर झटकून गेला की निघून!

पयल्या दिशी जालिंदर बसला. मुंग्या चावल्या. चाचाला शिव्या घातल्या, मनातल्या मनात.

दुसऱ्या दिशी डोळा लागला. वर करंजात मधमाश्या... गुं गुं गुं... लांबनं कुनाचा तरी ट्रॅक्टर यावा तसा आवाज. जालिंदर दचकून उठला, मागं बघितलं. कोन न्हाई. फुलं गळत व्हती.

तिसऱ्या दिशी शेवंताकाकी आली. पदरात शेंगा, हातात पान्याची कळशी. जालिंदरला सीटवर बघून थबकली. चोरी धरल्यावानी तोंड झालं.

"तू... आत्ता ऱ्हानार हायस व्हय हितं?"

"चाचानं बसवलंय. का गं काकी?"

"काय न्हाई."

इकडं तिकडं बघितलं. मग कळशी खाली ठेवली आन् पाय ठेवायच्या जाग्यावर बरोबर पाय दिऊन मडगार्डावर चढून बसली. सत्तरीची बाई, पर रोजची वाट असल्यागत! त्या मडगार्डावर तेवढाच रंग लख्ख व्हता. बाकी समदा गंज.

शेंगा सोलाय लागली. दोन दानं जालिंदरच्या हातावर ठेवलं.

"सावकाश घे," म्हनली. "म्होरं वड्याचा उतार हाय."

जालिंदरनं तिच्याकडं बघितलं. ती म्होरं बघत व्हती. पदर कानामागं खवसल्याला, वाऱ्यानं उडू ने म्हून.

वारा नव्हता, बरं का.

जालिंदरनं स्टेअरिंगला हात लावला. निस्ता लावला... आन् अंमळ डावीकडं घेतला.

"हां. आता नीट."

मधमाश्या गुनगुनत व्हत्या. ज्वारीचा कडबा म्हागं गेला, हीर म्हागं गेली, पाटलाची आमराय म्हागं गेली. हलत कायबी नव्हतं, तरी जात समदं व्हतं. काकी मधीच हसायची, मधीच कुनाला तरी म्हनायची, "व्हय की, ऐकलं मी." जालिंदरला न्हाई, दुसऱ्याच कुनाला.

"थांब. हितं उतरते."

जालिंदरनं ब्रेक दाबला. खराच दाबला!

काकी उतरली, कळशी घेतली, गेली.

सांच्याला चाचा वाटंत भेटला.

"कुठवर गेलास?"

"वड्यापातुर," जालिंदर बोलून गेला. मग जीभ चावली.

चाचानं मान हलवली. "लांब गेलास की."

चवथ्या दिशी काकी परत आली, पाचव्याला आली, साव्याला आली. एक दिस बाजाराला गेली दोघं, एक दिस तिच्या माहेरच्या वाटंला लागली. जालिंदरला गावात कोन इचारायचं, "काय मिस्त्री, मिशीला तेल लावायचं का साबन?" त्यो म्हनायचा, "थांबा की लेकाच्यांनू."

सातव्या दिशी त्यो सकाळीच गेला. संगट बॅटरी, नव्या वायरी, समदं. खालच्या पुलीच्या नटाला पाना लावला. दाब दिला. न्हाई. परत दिला...

कट्ट!

आन् मग मऊ. लोन्यात सुरी जावी तसा पाना फिरला, पुली फिरली.

सुटलं इंजिन!

जालिंदर एकटाच नाचला की हो शिवारात. मिशीवरनं हात फिरवला. नोझल बसवलं, वायरी जोडल्या, हवा काढली. समदं हुईस्तोवर दुपार झाली. सीटवर बसला आन् चावीला हात घातला.

तेवढ्यात काकी आली. चढली. शेंगांचा पदर मांडीवर घेतला.

"चल," म्हनली. "आज वड्याच्या पल्याड जाऊ म्हनत्यात हे."

हे म्हंजी तात्या. सा वर्सं झाली जाऊन.

जालिंदरचा हात चावीवरच. "काकी... खराच चालू झाला तर गं?"

"मग काय, तू न्हेशील की कामावर." दाना सोलता सोलता थांबली. "आवाज बी लई ह्येचा. ह्यांचं बोलनं कायसुदिक ऐकू यायचं न्हाई मला. निस्ती मान हलवायची मी..." मग हसली. "आता कसं समदं ऐकू येतंय."

वर मधमाश्या. गुं गुं गुं.

जालिंदरनं वर करंजाकडं बघितलं. मग त्यानं चावीवरचा हात काढून स्टेअरिंगवर ठेवला.

"धरून बस काकी," म्हनला. "उतार हाय."

जत्रंदिवशी भंगारवाला टेम्पो घिऊन बांधावर आला. म्हागं गाव, मज्जा बघायला.

"चढवायचा न्हवं?" त्यानं इचारलं.

जालिंदर आडवा आला. "चालत्या ट्रॅक्टरचं भंगार कोन दितं?"

"चालू हाय? मग दावा की चालवून!"

जालिंदर बॉनेटवरची फुलं झाडाय लागला.

लोक पोट धरून हसलं. मी बी हसलो, खोटं कशाला बोलू! काकी लांब हुबी व्हती, तिनं पदर तोंडाला लावला. हसायला का कशाला, त्ये काय दिसलं न्हाई.

भंगारवाला रिकामा टेम्पो घिऊन गेला. पालखी निघाली. म्होरं दुसऱ्याचाच ट्रॅक्टर व्हता.

जालिंदर सरळ न्हाव्याकडं गेला. न्हाव्यानं दोनदा इचारलं, "नक्की?" पंधरा वर्सांची मिशी, वस्तऱ्याच्या दोन हातात खाली पडली. उगड्या वठाला वारा लागला तसा जालिंदर शिंकला.

मग चाचाच्या दारात जाऊन बसला. चाचानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. हसला न्हाई.

"इंजिन सुटलं व्हतं, चाचा."

"व्हय?"

"कुनाला बोलू नगा."

"काय बोलू? मी कुठं बघितलंय."

लांब जत्रंचं ढोल वाजत व्हतं...

"मग आता तरी सांगा. दुरुस्त करन्यालायक व्हता का न्हाई?"

चाचानं काडी वढली. बिडी पेटवली. मग आपल्या गुळगुळीत वठावरनं बोट फिरवलं, या टोकापासनं त्या टोकापातुर, हळूच.

"माझी मिशी चालत्या पिठाच्या गिरणीपायी गेली, लेका. चाळीस वर्सं झाली."