तीन मेहुण्यांचे ट्रॅक्टर

राजा रणधवलाला तीन राण्या, तिघींना एकेक भाऊ, आणि तिन्ही भावांनी लहान ट्रॅक्टरची एकेक एजन्सी घेतली. तिथून राज्याची डोकेदुखी सुरू झाली. थोरलीच्या भावाचा दिग्विजय, मधलीच्या भावाचा गंडभेरुंड आणि धाकटीच्या भावाचा मुंगळा. राजाच्या मेहुण्याला नाही कोण म्हणणार? त्यामुळे राज्यातल्या बाराशे घरांसमोर तिन्ही ट्रॅक्टर ओळीने उभे असत, आणि तिघे मेहुणे रोज दरबारात येऊन लोकांना आपलाच आवडतो म्हणून भांडत.

महाराज कंटाळले. त्यांनी दवंडी पिटवली की राज्यात लोकांच्या पसंतीचा एकच ट्रॅक्टर राहील, बाकीच्या दोघांचं दसऱ्याला सीमोल्लंघन होईल. तिन्ही मेहुण्यांनी लगोलग आपापले कारकून मोजणीला धाडले. ते महिनाभर हिंडून आले. दिग्विजयला बाराशे घरांची पसंती निघाली, गंडभेरुंडला बाराशे आणि मुंगळ्यालाही बाराशे.

“घरं बाराशे आणि पसंत्या छत्तीसशे?” महाराज म्हणाले.

“प्रजा मनाने मोठी आहे, महाराज,” प्रधान अवधूतराव म्हणाले.

माणूस विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देतो, हे महाराजांच्या ध्यानात आलं. त्यांनी दुसरी दवंडी पिटवली. कोणालाही एकसुद्धा प्रश्न न विचारता जो खरी पसंती सांगेल, त्याला मागेल ते बक्षीस. दसऱ्यापर्यंत कोणी सांगितली नाही, तर थोरल्या राणीचा मान म्हणून दिग्विजय राहील.

ही दवंडी येसूच्याही कानावर आली. येसू म्हणजे डाळिंबवाल्या रावजीची मुलगी. रावजीने झाडं इतकी दाटीने लावली होती की दोन ओळींमधून फक्त मुंगळा जाई. दिग्विजय आत घातला की फांद्या मोडत. गंडभेरुंड एकदा आत गेला होता, तो बाहेर काढायला चार झाडं तोडावी लागली. मुंगळा गेला की बाग गेली आणि बाग गेली की घर बसलं, हे येसूला सांगायला कोणी नको होतं. रावजी देवाला नवस बोलून मोकळा झाला. येसूने टोपली उचलली आणि शेजारच्या तात्या वाघमोड्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“तात्या, उद्या एक दिवस ट्रॅक्टर द्या.”

“एक दिवस कशाला, आठ दिवस ठेव की.” तात्यांनी दिग्विजयची किल्ली टोपलीत टाकली. “गंडभेरुंड बी घिऊन जा. उगं जागा अडवून बसलाय.”

“मुंगळा बी द्या.”

तात्यांचा चेहरा उतरला. “काय सांगू पोरी, त्येचं टायर बसलंय बघ.”

मुंगळा त्यांच्या पाठीमागेच चारही टायरांवर ठणठणीत उभा होता. येसूने त्याच्याकडे बघितलं, “बरं” म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

दसऱ्याच्या सकाळी तिने टोपली दरबारात नेऊन ठेवली. दिग्विजयच्या दोनशे किल्ल्या होत्या. गंडभेरुंडच्या दोनशे एक, कारण एकाने जादाची किल्लीही देऊन टाकली होती. मुंगळ्याची एकही नव्हती.

“हिने घरोघरी जाऊन विचारलं, महाराज!” थोरला मेहुणा ओरडला.

“विचारलं न्हाई, मागितलं,” येसू म्हणाली. “मागायला बंदी न्हवती.”

महाराजांनी टोपलीत डोकावून बघितलं. “मग मुंगळा कोणालाच आवडत नाही म्हणायचा.”

“उलट हाय, महाराज. नावडतं हाय ते माणूस मागितल्याबरोबर देतो. आवडत्यापायी खोटं बोलतो. दोनशे घरं फिरले. कुणाच्या मुंगळ्याचं टायर बसलंय, कुणाची किल्ली सासुरवाडीला ऱ्हायलीय. एकानं तर ट्रॅक्टरला सुतक हाय म्हणून सांगितलं. ज्येच्यापायी सगळं गाव खोटं बोलतं, त्यो मुंगळा लोकांच्या पसंतीचा.”

दरबार कुजबुजला. प्रधानांनी मात्र घसा साफ केला. “महाराज, या मुलीची बाग मुंगळ्यावर चालते. ती दुसरं काय सांगणार? हिचा शब्द कसा धरायचा?”

प्रधान खोटं बोलत नव्हते, आणि महाराजांची मान हळूहळू थोरल्या मेहुण्याकडे वळत होती. येसू दोन पावलं पुढे आली.

“माझा शब्द धरू नका, महाराज. तुमच्या बागेतबी तिन्ही ट्रॅक्टर हायेत. उद्या आमच्याकडं काम हाय. एक दिवस ट्रॅक्टर द्या.”

“दिला,” महाराज म्हणाले. “दिग्विजय ने. गंडभेरुंडही ने. ट्रॉलीसकट ने.”

“मुंगळा द्या.”

महाराजांनी छताकडे बघितलं. मग मुकुट जरा सारखा केला.

“त्याची बॅटरी उतरली आहे,” ते म्हणाले.

राजवाड्याचा माळी मागे उभा होता, त्याला राहवलं नाही. “महाराज, आत्ता सकाळीच तर तुम्ही स्वतः त्यावर...” प्रधानांनी त्याच्या पायावर पाय दिला.

महाराजांनी येसूकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, आणि हसायला लागले. हसता हसता त्यांचा मुकुट पुन्हा वाकडा झाला, तो त्यांनी तसाच राहू दिला. धाकटा मेहुणा हसला. मधला आणि थोरला हसले नाहीत, पण दिग्विजय आणि गंडभेरुंड आजच्या आज वेशीबाहेर काढायचा हुकूम त्यांनाच मिळाला.

“पोरी, जिंकलीस,” महाराज डोळे पुसत म्हणाले. “माग, काय हवं ते माग.” आणि घाईने पुढे म्हणाले, “मुंगळा सोडून.”

येसूने नदीकाठची दहा एकर मागितली. महाराजांनी तिथल्या तिथे सनद लिहून दिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.