उताणे पडलेले तीन दगड

एका राज्यात समुद्र ओहोटीला गेला तो तीन दिवस परतलाच नाही, आणि उघड्या पडलेल्या खडकांत त्या राज्याचा राजा एका म्हातारीशी भांडत उभा होता.

"समुद्र कुठे लपवलास ते सांग. नाहीतर आज तुला या किनाऱ्यावरून हाकलतो."

"पदराखाली मावला असता तर लपवलाही असता," चांगूबाय म्हणाली. उभा जन्म तिने या खडकांवर कालवं काढण्यात घालवला होता. "माझं नाव कुणी घेतलं?"

"या बगळ्याने."

बगळा एका उताण्या दगडावर, एका पायावर उभा होता. तो माणसासारखा बोले आणि राजाला सल्ला देई. चांगूबायने त्याला पायापासून चोचीपर्यंत न्याहाळलं. डबकी आटत चालली होती. समुद्रफुलं मिटली होती, तारामासे वाळून कडक होत होते, खेकडे फटींत तोंड खुपसून बसले होते. सारा किनारा सुकला आणि एकट्या बगळ्याचं पोट तेवढं सुटलं. डबक्यात अडकलेला मासा पळणार तरी कुठे?

"राजा, तू आधी इथे कशाला आला होतास?"

"खजिन्यासाठी. बगळा म्हणाला, तीन दगड उलटवा, खाली शापित खजिना आहे."

"सापडला?"

"पहिल्याखाली शंख, दुसऱ्याखाली खेकडा, तिसऱ्याखाली नुसता चिखल."

"आणि दगड?"

"दगडांचं काय?"

म्हातारीने कपाळाला हात लावला. त्या किनाऱ्यावर पोर चालायला लागलं की पहिलं हेच शिके: उलटवलेला दगड होता तसा ठेवायचा, नाहीतर समुद्र पाठ फिरवतो. राजाला हे कोण शिकवणार? त्याने टाकलेलं उचलायला मागे नोकर असत.

"वाक," ती म्हणाली.

"राजे वाकत नसतात," बगळा म्हणाला, जरा घाईनेच.

"तुला रे कसली घाई?"

राजाने एकदा तिच्याकडे, एकदा बगळ्याकडे संशयाने पाहिलं. मग तो वाकला. पहिला दगड पालथा घातला, डबक्यांना पाझर फुटला. दुसरा घातला, दूरवर गाज उठली. तिसऱ्यावरून बगळा हलेना. "महाराज, अजून थोडं खणा, ही बाई चेटकीण आहे."

चांगूबायने त्याची मान धरून त्याला बाजूला केलं. राजाने दगड पालथा लोटला, आणि किनाऱ्यावरचा शाप सुटला. खोट्या सल्ल्याची शिक्षा म्हणून बगळ्याची वाचा गेली. तो नुसता कर्कश ओरडत उडाला. पाणी धावत आलं. समुद्रफुलं एकेक करून उमलली.

राजा मात्र जागचा हलेना.

"बगळा खोटं बोलला, पण तू खरं बोलतेस कशावरून? खजिना तुलाच हवा असेल. मी चौथा दगड उलटवणार. मी राजा आहे, म्हातारे."

"उलटव की, पण पाणी गुडघ्याला लागलंय, राजा, तुला पोहता येतं का?"