साहेबांची खुर्ची पत्र्याखाली

एका शहरात एक भोळा मुकादम होता. नाव गुणवंत. महापालिकेत होता. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तस्संच करायचा. महापालिकेत असा माणूस फार धोक्याचा.

त्या वर्षी चैत्रातच ऊन भाजू लागलं. महापालिकेनं उन्हापासून बचावाचा आराखडा केला. कागद गुळगुळीत, आत झाडांची चित्रं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'सर्वांना समान वाटप'.

त्याच्या वरच्या खैरनार मॅडम म्हणाल्या, "गुणवंत, रोपं आलीत. सगळ्या वस्त्यांत सारखी लाव."

गुणवंतानं सारखी लावली. बंगल्यांच्या कॉलनीत वीस. तिथं आधीच इतकी झाडं होती की लोक दुपारी दिवे लावायचे. पत्र्याच्या चाळीतही वीस. चाळीत सगळीकडं फरशी, म्हणून गटारात लावली. गटार तुंबलं. पाणी ध्रुपदाबाईच्या चुलीपर्यंत आलं.

"अरे शहाण्या!" मॅडम ओरडल्या. "आधी माती बघायची. माती असेल तिथंच द्यायचं."

"बरं मॅडम."

मग पिण्याच्या पाण्याचे रांजण आले. गुणवंत माती बघत फिरला. सगळ्यात चांगली माती बंगल्यांच्या बागांत. सगळे रांजण तिथं ठेवून आला. बंगलेवाल्यांनी त्यात कमळं लावली.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "माती कसली बघतोस? सगळ्यात जास्त तापतं कुठं ते बघ. हात लावून बघ!"

"बरं मॅडम."

मग सावलीसाठी हिरवी जाळी आली. गुणवंत कचेरीतून बाहेर पडला आणि लगेच हात लावत सुटला. भिंत कोमट. बाकडं गरम. अंगणात कचेरीच्या मोठ्या साहेबांची गाडी उभी होती. तिला हात लावला तर हात पोळला. सगळी जाळी त्यानं गाडीवर बांधली. साहेब खूष झाले. आराखड्यातलं हे एकच काम त्यांना मनापासून पटलं.

मॅडम मात्र रडकुंडीला आल्या. "गाडीला काय लावतोस? माणसांना विचार! ते म्हणतील तसं कर."

"बरं मॅडम."

आता राहिला पांढरा रंग. पत्र्यावर लावला की घर निवतं. चाळीच्या चाळीस घरांसाठी रंगाचे डबे रोपांच्याही आधी आले होते. गोदामात पडून होते. कारण साहेबांनी जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असा नियम. आणि साहेबांना उन्हात निघवत नव्हतं.

गुणवंत चाळीत गेला. ध्रुपदाबाई नातीच्या डोक्यावर ओलं फडकं धरून बसली होती. पोर दोनदा चक्कर येऊन पडली होती.

"मावशी, काय करू सांगा."

"काय सांगू बाबा? रंग मागून जीभ झिजली. पोरीचं काही बरंवाईट झालं म्हणजे लावाल काय? तुझ्या साहेबाला आणून बसव इथं एक दुपार. मग बघ!"

"बरं मावशी."

साहेब जेवायला घरी गेले होते. गुणवंतानं त्यांची खुर्ची, टेबल, घंटी आणि नावाची पाटी हातगाडीवर घातली आणि ध्रुपदाबाईच्या घरात मांडून आला.

साहेब परतले. खोली रिकामी.

"माझी खुर्ची कुठाय?"

"पत्र्याच्या चाळीत, साहेब."

पोर पडली तेव्हा साहेब हलले नव्हते. खुर्ची गेली म्हटल्यावर अनवाणी धावले. चाळीत पोचले आणि दुसरं कुणी बसू नये म्हणून आधी खुर्चीत बसले. पाच मिनिटांत सदरा भिजला. दहा मिनिटांत डोळ्यांपुढं काजवे चमकले. ध्रुपदाबाईनं नातीच्या डोक्यावरचं फडकं काढून त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

"इथं माणूस कसा राहतो?" साहेब किंचाळले. "रंग लावा! आत्ताच्या आत्ता!"

पाहणी झाली. मॅडम सहीचा कागद घेऊन धावतच आल्या. साहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या सही केली. गुणवंतानं गोदामातून डबा आणून त्या घराच्या पत्र्यावर रंग लावला. तासाभरात घर जरा निवलं. ध्रुपदाबाईची नात उठून पाणी प्यायली. ध्रुपदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेब घाम पुसत उठले. "आण रे गाडी!"

पण गुणवंत खुर्ची उचलून केव्हाच दारातून बाहेर पडला होता. शेजारच्या घरात ती नीट मांडून, फडक्यानं पुसून तो परत आला.

"चला साहेब," तो हात जोडून म्हणाला. "आराखड्यात समान वाटप लिहिलंय. अजून एकोणचाळीस घरं बसायची राहिलीत."